नकुसा आणि तिची आई

कांद्याच्या बाजारपेठेमुळे आणि माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळे ज्याचे नाव महाराष्ट्रभर परिचित आहे, त्या आमच्या लोणंदात नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीची समजूत घालून तिला पुन्हा नांदायला धाडणे हेच वडीलधाऱ्यांचे कर्तव्य मानले गेले. आणि तिला दुसऱ्यांदाही मुलगीच झाली असेल तर कसूर तिचाच, असे भावकी उघड न बोलता गृहीत धरीत आली.

या गृहीतावरच साताऱ्याच्या ॲडव्होकेट वर्षा देशपांडे यांनी आघात केला. 1990 साली त्यांनी स्थापिलेल्या दलित महिला विकास मंडळाने छळ सोसणाऱ्या स्त्रियांना कायद्याचा आधार दिला, आणि त्यांच्याच लेक लाडकी अभियानाने गरोदर स्त्रियांच्या धैर्यशील सहकार्याने गर्भलिंग सांगणाऱ्या डॉक्टरांचे पितळ उघडे पाडले. ही कार्ये वरकरणी भिन्न भासतात. परंतु कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या अधिनियमाचे तिसरे कलम लक्षपूर्वक वाचणाऱ्यास, मूल नाही वा मुलगा नाही म्हणून स्त्रीचा केलेला उपहासही तेथे हिंसाचारातच गणलेला आढळतो. संरक्षण अधिकारी जो कौटुंबिक घटना अहवाल भरतात, त्यातही मारहाणीबरोबर या अपमानाची, खर्चाला पैसे न दिल्याची, घराबाहेर काढल्याची नोंद होते आणि सोबत स्त्रीधनाची यादी जोडता येते. आजवर जे चुलीपाशी गिळावे लागे, ते अशा रीतीने सरकारी दप्तरी दाखल होते.

2011 साली याच सातारा जिल्ह्यात नकुसा, नकोशी अशी नावे वागवणाऱ्या 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. फार चांगले झाले; पण त्या मुली जन्मल्या तेव्हा त्यांच्या आयांना जे ऐकावे लागले असेल, त्याची दाद त्या समारंभात कोठून लागणार? ती मागण्यासाठी आईने स्वतः फिर्यादी व्हावे लागते, आणि रात्री निजायचे कोठे याची विवंचना असलेली बाई एकटीने फिर्यादी होऊ शकत नाही. म्हणूनच तिच्याबरोबर कचेरीत जाऊन बसणाऱ्या कार्यकर्तीचे मोल मी, 2025 साली वर्षाताईंना लाभलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या पुरस्काराचा पूर्ण आदर राखूनही, त्याहून अधिक मानतो.

घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी त्याच 2005 च्या अधिनियमाचे सतरावे कलम त्या बाईला तेथे राहण्याचा हक्क देते, आणि अर्ज दाखल झाल्यावर पहिली तारीख सामान्यतः 3 दिवसांच्या आत पडावी असे बारावे कलम सांगते. ही दोन कलमे भावकीच्या बैठकीत, सासऱ्याच्या समक्ष, मोठ्याने वाचून दाखवील अशी बाई आमच्या खंडाळा तालुक्याच्या प्रत्येक गावी हवी आहे.