घरची बाग : ट्युलिपचे कांदे

आपल्याकडे फराळाचे डबे भरले जातात, त्याच सुमारास युरोपात ट्युलिपचे कांदे मातीत जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्यांच्या लागवडीचे महिने. श्रीनगरला दल सरोवराजवळच्या बागेतही हे काम थंडी पडण्यापूर्वी उरकतात आणि फुले मार्चअखेरीस उमलू लागतात. एरवी हा विषय मी या पानावर घेतला नसता. पण हल्ली घरातले एखादे पोर ॲमस्टरडॅमला नाहीतर आइंडहोव्हनला असते, आणि सल्ला मात्र फोनवरून इकडे मागितला जातो!

आमच्या भाचीचेच पाहा ना. ॲमस्टलव्हीनला भाड्याचे घर, चार हात लांबीची गॅलरी. दादा-वहिनी येत्या एप्रिलात पंधरा दिवस तिच्याकडे जायचे आहेत. दादाचा काचबिंदू वाढतो आहे. दूरवर पसरलेल्या ताटव्यापेक्षा हाताशी फुललेली कुंडी बाबांना नीट दिसेल, असा पोरीचा हिशेब. तिने विचारले, "आत्या, नेमकी त्याच पंधरवड्यात फुलतील ना गं?"

तसा शब्द कुणी देऊ नये. हिवाळा सौम्य गेला तर फुले आधी येतात, लांबला तर मागाहून. म्हणून मी तिला म्हटले, एकाच जातीवर भिस्त ठेवू नकोस. लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणारे असे तिन्ही प्रकार लाव, म्हणजे एक ना एक कुंडी पाहुण्यांना सापडेल.

कांदा हाताला जड आणि घट्ट लागला पाहिजे. मऊ पडलेला टाकून द्यावा. माती भुसभुशीत, थोडी वाळू मिसळलेली असावी आणि कुंडीच्या बुडाची भोके मोकळी असावीत. पाणी साचले की कांदा कुजलाच म्हणून समजा. टोक वर ठेवून कांद्याच्या उंचीच्या तिप्पट खोल, म्हणजे जमिनीत सुमारे 15 सेंटिमीटरवर लावावा. कुंडीत दाट लावले तरी चालतात, मात्र एकमेकांना टेकू नयेत. आणि एक गंमत! कांद्याची एक बाजू जराशी चपटी असते. ती कुंडीच्या कडेकडे करावी. पहिले मोठे पान त्याच बाजूने निघते आणि कड छान झाकून टाकते. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावे, पुढे माती अगदी कोरडी पडू देऊ नये. कडाक्याच्या थंडीत कुंडीला गोणपाट गुंडाळून ती भिंतीलगत सरकवावी. उशीर झाला म्हणून हळहळू नये. डिसेंबरातही लावता येतात. उलट माती उबदार असताना घाई केली, तर बुरशीचे भय अधिक.

इतकी थंडी कशाला? फुलाचा इवला अंकुर उन्हाळ्यातच कांद्याच्या पोटात तयार झालेला असतो. पण 12 ते 14 आठवडे गारवा मिळाल्याखेरीज दांडा नीट उंच वाढत नाही.

आपल्या मुंबई-पुण्याच्या हवेत तो गारवा कुठून आणायचा? 1981 च्या 'सिलसिला' चित्रपटात हॉलंडचे ताटवे पाहिल्यापासून पुष्कळांना ही हौस आहे. विकत घेताना कांद्यांना आधीच थंडी दिली आहे का, हे विचारावे. नसेल तर कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे, आणि त्या कप्प्यात सफरचंदे मुळीच ठेवू नयेत. पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतले फूल मरते. दिवाळीला ठेवलेले कांदे जानेवारीच्या उत्तरार्धात कुंडीत लावावेत, सावलीच्या गार जागी. फुले येतील ती एकदाच. उन्हाळ्याच्या झळांत कांदा पुन्हा भरत नाही. एवढा खर्च एका बहरासाठी करावा का? माझे विचाराल तर मी निशिगंध लावीन. पण हौसेला मोल नाही. परदेशाहून मात्र कुणी सामानात घालून कांदे आणू नयेत. त्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो.

फ्रिजमधल्या त्या पिशवीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावा. 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडच्या लोकांनी हे कांदेही उकडून खाल्ले, पण ते मधला पिवळट कोंब काढून. तो विषारी असतो. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनाही आठवणीने सांगून ठेवा, नाहीतर भाजीच्या फोडणीत जायचे!