समताभूमीच्या शेजाऱ्यांना विचारा

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला महात्मा जोतीराव फुले यांनी जे लेखी निवेदन सादर केले, त्याखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी व नगरपालिकेचे सभासद अशी दिली असून पत्ता पुण्याच्या जुन्या गंज पेठेचा घातला आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्या पत्त्यावरून झाली. ती सरकारने मानली नाही, हे खरे. परंतु धोरण ठरण्यापूर्वी म्हणणे मागविण्याची रीत परक्या सत्तेनेही पाळली होती. आज त्याच पेठेतील फुले वाडा आणि जवळचे सावित्रीबाई फुले स्मारक यांमधील वस्तीची जागा संपादून दोन्ही स्मारके जोडण्याची योजना शासन व महापालिका यांनी हाती घेतली आहे. त्या वस्तीतील माणसांचे म्हणणे कोणत्या टप्प्यावर व कशा रीतीने ऐकले जावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ कार्यपद्धतीचा राहत नाही.

योजनेच्या हेतूबद्दल वाद करण्याचे कारण नाही. ११ एप्रिल, २८ नोव्हेंबर आणि ३ जानेवारी या दिवशी राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे समताभूमीवर येतात. शिक्षक विद्यार्थ्यांच्या सहली घेऊन येतात. पेठेतील अरुंद बोळांना ही गर्दी पेलत नाही. बसायला सावली, प्यायला पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, फुल्यांचे ग्रंथ चाळता येतील अशी एखादी खोली, यांतील कोणतीही अपेक्षा अवास्तव नाही. अडचण आहे ती ‘सुशोभीकरण’ या नगरपालिकी शब्दाची. तो उच्चारला गेला की कारंजी, रंगीत दिवे व फरशी यांचे आराखडे आपोआप तयार होतात आणि मधली वस्ती ही केवळ ‘बाधित क्षेत्र’ होऊन बसते.

वस्तुतः या वास्तूभोवती वस्ती होती म्हणूनच तिला महत्त्व आले. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी भरणारे शेजारी नसते तर त्या कृतीला अर्थच उरला नसता. मृत्यूनंतर आपला देह घरामागेच मिठात पुरावा, ही त्यांची इच्छा होती. ही राहती वस्ती असल्याने १८९० मध्ये त्या दफनाला परवानगी मिळाली नाही आणि पुढे तेथे अस्थी ठेवण्यात आल्या. भोवतालची घरे उठवून मोकळ्या पटांगणात उभा केलेला वाडा प्रेक्षणीय होईल. तो शेजारहीन होईल, याचाही विचार आराखडा करणाऱ्यांनी करावयास हवा.

आता विचारणा कशी होते ते पाहू. विकास आराखड्यात फेरबदल करावयाचा असेल तर नगररचना कायद्यानुसार हरकती व सूचना मागविल्या जातात. राजपत्रात व वृत्तपत्रांत जाहिरात येते. तिच्यात सिटी सर्व्हे क्रमांकांची रांग असते. दोन खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भाडेकऱ्याला आपल्या वाड्याचा मालक ठाऊक असतो, सर्व्हे क्रमांक ठाऊक नसतो. नकाशा पाहावयाचा तर कचेरीच्या वेळेत जावे लागते, म्हणजे रोजावर काम करणाऱ्याचा एक दिवस बुडतो. त्यातूनही कोणी अर्ज केलाच, तर सुनावणीचा पुकारा होतो, चार वाक्ये बोलून होतात आणि पुढे ‘नोंद घेतली’ एवढेच कळते. कायद्याच्या अक्षराचे पालन होते. लोकांना मात्र आपल्याला विचारले गेले असे वाटत नाही, आणि ते वाटणे चुकीचे नसते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने याहून चांगली वाट घालून दिली आहे. संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा व जनसुनावणी घ्यावी, असे तो सांगतो. शहरी जागेत तीन वर्षे राहिलेले कुटुंबही त्याच्या दृष्टीने बाधित ठरते, मग मालकी कोणाचीही असो. पण जागा वाटाघाटीने अथवा चटईक्षेत्राच्या मोबदल्यात घेतली की ही वाट टाळता येते. मालकाशी व्यवहार पुरा होतो आणि भाडेकरू कागदावर उरत नाही. जुन्या पेठांत भाडेकरूंचीच संख्या मोठी, हे पुण्यात कोणाला सांगावयास नको.

त्यात आणखी एक दुर्दैव असे की, मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्याच्या दारात जाऊन गाऱ्हाणे मांडावे असा प्रभागाचा प्रतिनिधीच त्या काळात नव्हता. बुधवार पेठेतील भिडे वाडा, जेथे १८४८ साली फुले दांपत्याची मुलींची शाळा सुरू झाली, तो २०२३ च्या डिसेंबरात पोलिस बंदोबस्तात एका रात्रीत उतरविण्यात आला तोही याच काळात. तेथील दुकानदारांशी झालेला न्यायालयीन तंटा अनेक वर्षांचा होता व त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला होता, त्यामुळे त्या कारवाईला बेकायदा म्हणता येणार नाही. परंतु गंज पेठेत प्रश्न राहत्या घरांचा आहे. आणि तंटा होण्याआधीच बोलणे करावयास येथे वेळ आहे.

याचा अर्थ रहिवाशांचे प्रत्येक म्हणणे शिरोधार्य मानावे असा नाही. मोबदला वाढवून घेण्यासाठी विरोध करणारे असतात. जुन्या पडक्या वाड्यातून सुटका होऊन बरे घर मिळाले तर हवेच असलेलेही असतात, आणि त्यांचा आवाज सभांतून बहुधा ऐकू येत नाही. म्हणूनच सभेवर विसंबून न राहता घरोघर जाऊन विचारणे अवश्य आहे. चर्चा हे लांबणीवर टाकण्याचे साधन होता कामा नये, ही महापालिकेची भीतीही रास्त आहे. त्यासाठी मुदत घालावी.

फुल्यांची नगरपालिकेतील कारकीर्द या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारण्यावर एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले आणि तो पैसा शिक्षणावर खर्चावा असे सुचविले. नव्या मंडईच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. १८८६ साली उघडलेली ती रे मार्केटची इमारत पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने महात्मा फुले मंडई झाली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि येथे जमलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, अशा आशयाचे त्यांनी पाहुण्याला ऐकविले. स्मारक समितीच्या बैठकीत नामवंत, अधिकारी व वास्तुविशारद बसले की लोकमत कळले असे समजणाऱ्यांनी ही मेजवानी आठवावी.

तेव्हा आराखडा अंतिम होण्यापूर्वी त्याची सुबोध मराठी प्रत व नकाशा फुले वाड्यातच लावावा. मालक, भाडेकरू व पोटभाडेकरू यांची यादी वस्तीत वाचून दाखवावी. सुनावणी सायंकाळी अथवा रविवारी, त्याच पेठेतील एखाद्या शाळेत घ्यावी. प्रत्येक हरकतीला कारणांसह लेखी उत्तर द्यावे. पुनर्वसनाची घरे कोठे व केव्हा मिळणार, हे पहिली भिंत पडण्यापूर्वी कागदावर यावे. स्मारकात ग्रंथालय व अभ्यासिका होणार असेल, तर वस्तीतील मुलांना तेथे बसण्याचा पहिला हक्क असावा, आणि ती मुले त्या वेळी चालत येण्याच्या अंतरावर राहत असावीत.