नर्मदेवरची बोट आणि ताडपत्रीआडचा जनरेटर

 

मागच्या पावसाळ्यात बातमीसाठी लोणखेड्याहून धडगावमार्गे भूषाला गेलो आणि तिथून बोटीनं नर्मदेच्या फुगवट्यात. खाजगी बोट, वर पत्रा, बाजूंनी ताडपत्री. दिवे आणि मोबाईल चार्जिंगसाठी छोटा पेट्रोल जनरेटर. पाऊस आला तसा बोटवाल्यानं तो उचलून आत घेतला. अर्ध्या तासात माझं डोकं जड झालं. शेजारच्या बाईला मळमळू लागलं. सगळे म्हणाले, "बोट लागली." तिच्या मांडीवर वर्षाचं लेकरू शांत पडलेलं. ते झोपलंय की गुंगलंय, कोण सांगणार?

मी ताडपत्री वर केली, जनरेटर बंद करायला लावला. वारा आत आला तसं सगळ्यांना बरं वाटलं, लेकरूही रडायला लागलं. बोटवाला म्हणाला, "भाऊ, बाहेर भिजला असता ना!" त्याला तरी काय बोलणार? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी आणि मग माणूस उठतच नाही. दुसरा धोका पेट्रोलचा. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते. गरम जनरेटरमध्ये पेट्रोल ओतलं, ठिणगी पडली, की भर पाण्यात आग.

म्हणून साध्या गोष्टी. जनरेटर उघड्यावर, मागच्या टोकाला, धूर बाहेर जाईल असा. त्याच्यावर वेगळं छोटं छप्पर, पण माणसांत नाही. पेट्रोल भरायचं ते काठावर, मशीन थंड झाल्यावर. डोकं दुखलं तर आधी जनरेटर बंद आणि मोकळी हवा, मग दवाखाना.

पण सगळं बोटवाल्यावर ढकलून चालणार नाही. सरदार सरोवराची वीजक्षमता १,४५० मेगावॉट, त्यातल्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. त्याच धरणाच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली आपली ३३ गावं बाधित झाली. त्या पाण्यावर फिरणाऱ्या माणसाला मात्र दिव्यासाठी पेट्रोल जाळावं लागतं! बोटीचं छत दिवसभर उन्हात असतं. दोन सोलर पॅनल आणि एक बॅटरी बसवली तर दिवे आणि चार्जिंग सहज भागतं. जनरेटर फक्त अडीअडचणीला उरेल.

जिल्हा प्रशासनानं प्रवासी बोटींना सोलरसाठी अनुदान द्यावं आणि तपासणीत लाइफ जॅकेटसोबत जनरेटरची जागाही बघावी. दुर्घटना झाल्यावर चौकशी समिती नेमण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

नर्मदाकाठचं कुणी ओळखीचं असेल तर ही पोस्ट त्यांना वाचून दाखवा. तिथं रेंज नसते, पण बाजाराच्या दिवशी माणसं धडगावला येतातच.