उपनगरातील मोटार आणि निवडीचा युक्तिवाद

बाणेर, बालेवाडी, वाकड या पुण्याच्या पश्चिम उपनगरांत मोटारी वाढतात, कारण रहिवासी त्या स्वखुशीने निवडतात आणि म्हणून रस्ते रुंद करणे व उड्डाणपूल बांधणे हेच शासनाचे काम आहे, असा पूर्वपक्ष मांडला जातो. भर पावसात वृद्ध आईवडिलांना दवाखान्यात नेताना मोटारीचा मोठा आधार होतो, हे मान्यच आहे. परंतु निवड म्हणायची, तर दुसरा पर्याय उपलब्ध असावा लागतो. एकाच फाटकाचे, चहूबाजूंनी भिंत घातलेले विस्तीर्ण गृहसंकुल उभे राहिले की भिंतीलगतच्या किराणा दुकानालाही लांबचा वळसा पडतो, त्या वळशावरचा पदपथ मध्येच तुटतो आणि जो उरतो त्यावर दुचाक्या उभ्या असतात. अशा वेळी रहिवाशाने गाडीची किल्ली उचलण्यापूर्वीच, आराखड्यावर मंजुरीचा शिक्का बसला तेव्हा, त्याचा निर्णय झालेला असतो. त्यातच विकास नियंत्रण नियमावलीने वाहनतळ सक्तीचा केला असल्यामुळे त्याचा बांधकामखर्च घरांच्या किमतीत उतरतो आणि वाहन नसलेले कुटुंबही तो सोसते.

उड्डाणपुलांचा उपायही टिकत नाही. रस्त्याची क्षमता वाढली की पूर्वी टाळल्या जाणाऱ्या फेऱ्याही होऊ लागतात व रस्ता पुन्हा भरतो. या प्रेरित मागणीचे विवेचन अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच केले होते. पुण्याच्या विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल तर दोन दशकेही न टिकता 2020 मध्ये पाडावा लागला.

2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य दिले, पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोग्या पदपथाचा हक्क संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदात, म्हणजे जगण्याच्या हक्कात, अंतर्भूत मानला. तत्त्व ठरलेलेच आहे. अंमल मात्र दिसत नाही, ही गोष्ट अक्षम्य आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार किमान 1.8 मीटर मोकळा पदपथ सलग असलाच पाहिजे, आणि मोठ्या भूखंडांतून सार्वजनिक पायवाट सोडल्याखेरीज आराखड्याला मंजुरी मिळता कामा नये. बसचा प्रत्येक प्रवासी आधी पादचारीच असतो, त्यामुळे पदपथांवर केलेल्या खर्चाने बससेवाही बळकट होईल. शिवाय निवडीचा युक्तिवाद करणारे ज्यांना हिशेबातच धरत नाहीत, त्या घरकाम करणाऱ्या स्त्रिया, पहारेकरी आणि शाळकरी मुले याच रस्त्यांवरून रोज पायी चालतात. पदपथांच्या खर्चावर पहिला हक्क त्यांचा आहे.