क्षमेची किंमत कोणी मोजली?

दक्षिण आफ्रिकेतील सत्य व समेट आयोगाचे गोडवे गाण्याची आपल्या विचारवंतांना मोठी हौस आहे. तेथे यादवी टळली हे खरे, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या समेटाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न निदान अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला टाळता येत नाही.

मूळ सौदा काय होता ते पाहावे. १९९५ च्या कायद्यानुसार राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण कबुली देणाऱ्यास अभय मिळणार होते. एकदा अभय दिले की पीडितांचा खटल्याचा हक्क गेला आणि नुकसानभरपाईच्या दाव्याचाही गेला. १९७७ साली पोलिसांच्या ताब्यात जिवाला मुकलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी या तरतुदीस आव्हान दिले. १९९६ साली घटना न्यायालयाने ते फेटाळले. पीडितांनी केलेल्या या त्यागाच्या बदल्यात दोन गोष्टी अभिप्रेत होत्या : जे कबुली देणार नाहीत त्यांच्यावर खटले, आणि पीडितांना राज्याकडून भरपाई.

अभय ८४९ जणांना मिळाले. अभय न मिळालेल्यांची सुमारे ३०० प्रकरणे आयोगाने सरकारी वकिलांच्या हवाली केली. त्यांतील खटले बोटांवर मोजण्याइतकेच झाले. बिको प्रकरणातील पोलिसांना १९९९ साली अभय नाकारले गेले, तरी त्यांच्यावर खटला उभा राहिला नाही. मृत्यूची न्यायालयीन चौकशी पुन्हा उघडली ती २०२५ साली! असे खटले कोणी अडवून धरले होते काय, हे शोधण्यासाठी त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांना आणखी एक आयोग नेमावा लागला.

भरपाईची कथा याहून निराळी नाही. आयोगाने सहा वर्षे दरसाल सुमारे १७ ते २३ हजार रँड देण्याची शिफारस केली होती. २००३ साली सरकारने एकरकमी ३० हजार रँड देऊन हात झटकले. वर्णभेदातून धनवान झालेल्या उद्योगांवर कर बसवावा, ही सूचनाही फेटाळली गेली. १९१३ च्या कायद्याने काळ्या शेतकऱ्याच्या पायाखालची जी जमीन काढून घेतली, तिचे काय झाले? २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार व्यक्तिगत मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्यांकडेच होती.

खटल्यांचा आग्रह धरला असता तर वाटाघाटीच मोडल्या असत्या, असे म्हटले जाते. १९९३ पुरते ते मान्य करू. पण २००३ साली बंदुका कोणाच्या हाती होत्या? भरपाई दिल्याने कोणते यादवी युद्ध पेटणार होते? तेव्हा अडसर होता तो भांडवलाच्या नाराजीच्या भीतीचा.

आम्ही फाशीचे दोर मागत नाही. शस्त्रे खाली ठेवणाऱ्यास अभय द्यावे लागते, हे आम्हांस कळते. परंतु ते अभय पीडितांच्या खात्यातून काढलेली उचल असते, आणि ती सव्याज फेडणे हे राज्याचे कर्तव्य आहे. ज्याचे सर्वस्व गेले त्याने क्षमा करावी आणि ज्याने लुटले त्याने लूट राखावी, या व्यवस्थेला समेट म्हणणे ही फसवणूक आहे.