बाबांनी आवळलेला बोल्ट

काय दोस्तांनो, गेल्या आठवड्यात सायकलचं पंक्चर काढून पाहिलंत ना? शाब्बास! आज मात्र मी तुम्हाला काही शिकवण्याआधी एक कबुली देणार आहे. दर आठवड्याला तुम्हाला ‘असं करा, तसं करू नका’ सांगणाऱ्या या तुमच्या काकाने स्वतःच एक मोठ्ठा घोटाळा करून ठेवला होता. आणि तो पकडला कोणी? आमच्या सातवीतल्या लेकीने!

झालं असं, की रविवारी आजीला साताऱ्याला तिच्या बहिणीकडे पोचवायचं होतं. म्हटलं, शनिवारी गाडीचं ऑइल घरीच बदलून टाकू. इंजिनाच्या पोटाखाली एक पसरट भांडं असतं. पुस्तकात त्याला ‘ऑइल पॅन’ म्हणतात, गॅरेजमध्ये ‘चेंबर’. इंजिनाचं तीन-चार लिटर ऑइल त्यात साठतं. तिथून पंप ते वर ओढतो आणि फिरणाऱ्या भागांपर्यंत पोचवतो. त्या भागांमध्ये ऑइलचा पातळ थर असतो, म्हणून लोखंड लोखंडावर घासत नाही. ऑइल संपलं आणि इंजिन तसंच पळवलं, तर काही मिनिटांत ते ‘जाम’ होऊ शकतं.

चेंबरच्या तळाशी एक बोल्ट असतो. तो काढला की जुनं, काळं ऑइल खाली येतं. इथवर सगळं ठीक झालं. गाडी जॅकवर उचलून खाली पक्के स्टँडही लावले होते. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मोठ्या माणसानेसुद्धा कधीही जायचं नसतं, बरं का!)

घोटाळा पुढे झाला. बोल्ट परत बसवताना तो आधी हाताने फिरवायचा सोडून मी थेट पाना लावला. बोल्ट तिरका शिरला. घट्ट लागायला लागला, तेव्हा थांबायला हवं होतं की नाही? पण नाही! मी पान्याच्या दांड्यात एक लांब पाइप अडकवला आणि दिला जोर. ‘कच्’ असा आवाज झाला आणि पाना एकदम हलका झाला. खरं सांगतो, पोटात धस्स झालं. पण तोंडाने मात्र म्हणालो, “चला, बसला एकदाचा!”

नवं ऑइल ओतलं. थोड्या वेळाने लेक म्हणाली, “बाबा, बोल्टला थेंब लोंबतोय.”

“अगं, मघाचं सांडलेलं असेल,” मी म्हणालो आणि फडक्याने पुसून टाकलं.

तिने वाद घातला नाही. फक्त रद्दीतलं एक वर्तमानपत्र आणून बोल्टच्या बरोबर खाली पसरलं. सकाळी सहाला मला हाताला धरून खाली नेलं. कागदावर ताटाएवढा काळपट डाग! घड्याळ लावून ती मोजायला बसली. मिनिटाला एक थेंब.

“एवढ्याशाने काय होतंय? दोन तासांचा तर रस्ता,” मी म्हणालो.

“पण बाबा, गाडी उभी असताना एवढं पडतंय. चालू असताना पण एवढंच पडेल का?”

दोस्तांनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, म्हणूनच तर मी गप्प बसलो! तापलेलं ऑइल पातळ होतं आणि भराभर गळतं. त्यात रस्त्याचे हादरे. खंबाटकी घाटात तो बोल्ट निखळून पडला असता तर? मागच्या सीटवर आजी बसलेली असणार होती.

मग गाडी तिथेच ठेवली आणि आम्ही स्वारगेटहून आजीला एसटीने घेऊन गेलो.

सोमवारी मिस्त्री आले. वाकून बघितलं, बोल्टला बोट लावलं आणि म्हणाले, “आटे गेलेत, साहेब. कोणी आवळला हा?”

‘मागच्या वेळी एका गॅरेजवाल्याने’ असं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण लेक माझ्याकडेच बघत होती. म्हणालो, “मीच.”

मिस्त्री हसले. “पाइप लावला असणार!”

आता हे आटे म्हणजे काय, ते घरीच पाहा. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा. त्याची तिरकी कड शाईने रंगवा आणि उभ्या बाजूने सुरुवात करून तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. ती रेघ गोल गोल वर चढत गेलेली दिसेल. हेच आटे! म्हणजे स्क्रू हा गुंडाळलेला चढच असतो. पूर्वी जो तो कारखाना आपापले आटे पाडायचा, त्यामुळे एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसायचा नाही. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं, तेव्हा हा गोंधळ मिटायला लागला.

आमचा बोल्ट १४ मिलिमीटर जाडीचा. एका फेऱ्यात जेमतेम दीड मिलिमीटर आत जातो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १६ किलो वजनाइतका जोर दिला, की तो पुरेसा घट्ट बसतो. तेवढ्यानेही आट्यांवर जवळजवळ दीड टनाचा ताण येतो! आणि मी पाइप लावून पान्याची लांबी केली होती तिप्पट. शिवाय बोल्ट पोलादाचा आणि चेंबर मऊ ॲल्युमिनियमचा. मग आटे कोणाचे जाणार?

मिस्त्रींनी गाडी टोचन करून गॅरेजमध्ये नेली, ऑइल काढलं आणि आख्खा चेंबर खाली उतरवला. जागेवरच का नाही केलं? कारण भोक पाडताना निघालेला धातूचा कीस आत राहिला असता. मग त्यांनी भोक किंचित मोठं केलं आणि त्यात टॅपने नवे आटे पाडले. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटत जातो. त्या आट्यांत त्यांनी स्टेनलेस स्टीलच्या तारेची एक छोटी स्प्रिंग फिरवून बसवली. तिला ‘हेलिकॉइल’ म्हणतात. गंमत अशी, की तिच्या आतल्या बाजूला जुन्याच मापाचे आटे तयार होतात आणि तेही पोलादी! चेंबर धुऊन, नवं पॅकिंग लावून परत चढवला. बोल्टला नवा वायसर घातला. जुना वायसर दबलेला असतो, तो पुन्हा वापरायचा नसतो.

शेवटी मिस्त्रींनी लेकीच्या हातात बोल्ट दिला. “आधी उलटा फिरव. ‘टक्’ लागलं की मग सुलटा.” तिने बोटांनी फिरवला. बोल्ट लोण्यासारखा आत गेला. ही युक्ती तुम्हीही बरणीच्या झाकणावर करून बघा. झाकण कधीच तिरकं बसणार नाही.

जुनं ऑइल आम्ही डब्यात भरून मिस्त्रींकडेच दिलं. त्यावर पुन्हा प्रक्रिया करणाऱ्यांकडे ते जातं. गटारात किंवा मातीत ते ओतायचं नाही.

त्या रात्री गाडीखाली पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. या वेळी मीच पसरलं! सकाळी कागद अगदी कोरडा. लेकीने तो घडी करून रद्दीत ठेवला आणि म्हणाली, “आता आजीला आणायला जाऊ या.”

तर दोस्तांनो, आईबाबांनी ‘काही नाही होत’ म्हटलं आणि तुम्हाला शंका वाटली, तर तुम्हीही कागद पसरा. आणि आईबाबांनो, तो कागद जरा बघा!

पुढच्या आठवड्यात भेटू. हत्यारांच्या पेटीतून तेव्हा निघणार आहे पाणसळ. एक लांब पारदर्शक नळी शोधून ठेवा!