हॉकी खेळा, पण डोके-दात सांभाळून

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ८ ऑगस्ट २०२४ रोजी भारताने स्पेनला २-१ असे हरवून हॉकीचे कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०२१ साली टोकियोत जर्मनीवर ५-४ अशी मात करून आपण ४१ वर्षांचा पदकाचा दुष्काळ संपवला होता. हे यश पाहून आपल्या गावातली मुले हॉकीकडे वळली, तर कोणत्याही डॉक्टरला आनंदच होईल. परंतु पॅरिसमधल्याच एका प्रसंगाकडे आपण आरोग्याच्या नजरेने पाहायला हवे होते, ते राहून गेले.

४ ऑगस्टला ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासची काठी प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला लागली आणि पंचांनी त्याला लाल कार्ड दाखवले. भारत चाळीसहून अधिक मिनिटे दहा खेळाडूंनिशी लढला आणि शूटआउटमध्ये ४-२ असा जिंकला. कार्ड योग्य की अयोग्य, यावर चहाच्या टपरीपर्यंत वाद रंगले. खेळाडूच्या हेतूबद्दल वाद होऊ शकतो. काठीला मात्र हेतू नसतो. फटका चुकून बसला काय किंवा मुद्दाम बसला काय, मेंदूला हादरा तेवढाच बसतो.

हॉकीचा चेंडू टणक असतो आणि त्याचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम असते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून हा खेळ कृत्रिम मैदानावर गेला आणि चेंडूचा वेग वाढला. म्हणूनच पेनल्टी कॉर्नरच्या वेळी बचावपटू तोंडावर मुखवटा चढवतात. आपल्या शाळांची मैदाने खडबडीत. तिथे वेग कमी असला, तरी खड्ड्यात आपटून चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही. मुले मात्र बहुधा उघड्या नडग्यांनी आणि रिकाम्या तोंडाने खेळतात.

आंतरराष्ट्रीय नियमांत नडगी, घोटा आणि दात यांच्या संरक्षणाची शिफारस आहे, सक्ती नाही. माझे स्पष्ट मत असे की, शाळेच्या मैदानावर ही सक्ती असलीच पाहिजे. शिनगार्ड आणि माउथगार्ड नसेल, तर त्या मुलाने त्या दिवशी खेळू नये. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवण्याचे माउथगार्ड बाजारात मिळते. ते दात व ओठ वाचवते. डोक्याची हमी मात्र देत नाही. डोक्यासाठी शिस्तच हवी. काठी धोकादायक रीतीने उचलणाऱ्याला शिक्षकांनी तिथल्या तिथे बाहेर बसवावे.

‘आम्ही नाही का असेच खेळलो?’ असे काही पालक म्हणतील. खडकीचा धनराज पिल्ले गरिबीतून वर आला आणि चार ऑलिम्पिक खेळला, हा दाखलाही देतील. दाखला खरा आहे. पण जे पुढे गेले त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक असतात. दात गमावून किंवा डोक्याला मार लागून ज्यांनी खेळ सोडला, त्यांची यादी कोणी ठेवत नाही. खर्चाचे म्हणाल, तर शाळेने वार्षिक स्पर्धेच्या ढाली आणि हारतुरे थोडे कमी करून आधी शिनगार्ड घ्यावेत. माउथगार्ड मात्र ज्याचे त्याचे वेगळे असावे.

इतके करूनही इजा झालीच, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कायमचा दात मुळासकट पडला, तर तो मुळाला हात न लावता उचलावा, घासू नये, दुधात ठेवून शक्यतो तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा. तो पुन्हा बसण्याची शक्यता असते. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. दुसरे, डोक्याला मार लागून मूल गोंधळले, त्याला चक्कर आली किंवा डोके दुखू लागले, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला आणि त्याला डॉक्टरांना दाखवावे. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, एकाचे दोन दिसणे, झटके किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. ‘पाणी मार तोंडावर आणि उतर मैदानात’ ही आपली जुनी रीत इथे जिवावर बेतू शकते.

शाळा सुरू झाली की पालकसभा होतेच. गुणांची चौकशी करून झाल्यावर क्रीडाशिक्षकांना एवढे जरूर विचारा, की आमच्या मुलांच्या नडग्यांची, दातांची आणि डोक्याची काय व्यवस्था केली आहे?